काढा कधी घ्यायचा, कधी थांबवायचा: सर्दी टाळण्याचे घरगुती आणि चिनी उपाय, क्रमाने

दिवाळी सरली की इंदूरला आमच्या राजेंद्र नगरात घरोघरी गॅसवर एक पातेलं चढतं. आलं, मिरी, लवंग, दालचिनी, तुळस, डब्यात जे सापडेल ते सगळं त्यात पडतं. पाणी पाव उरेपर्यंत आटवायचं आणि तो तिखटजाळ काढा डोळे मिटून घशाखाली उतरवायचा. डिसेंबर उजाडला की तीच मंडळी मला जिन्यात गाठतात, "काकू, रोज तीनदा काढा घेतला, तरी सर्दी झालीच की हो!"

विचारपूस केली की बहुतेक वेळा चूक एकच निघते. सर्दी होऊ नये म्हणून करायचे उपाय वेगळे, शिंका सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत करायचे वेगळे आणि सर्दी मुरल्यावर करायचे वेगळे. आपण तिन्ही वेळेला तेच पातेलं चढवतो. पारंपरिक चिनी वैद्यकाने या तीन वेळा फार काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत. मी वैद्य नाही, पण घरात सासूबाईंपासून नातवापर्यंत सगळ्यांवर हे बऱ्याच हिवाळ्यांत करून पाहिलं आहे. चुकाही केल्या आहेत, त्या पुढे येतीलच.

अपेक्षा मात्र आधीच बेताची ठेवा. सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिचे विषाणू दोनशेहून जास्त प्रकारचे आहेत. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्द्या आणि शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला सहा-आठ हे सर्वसाधारण प्रमाण आहे, त्यात कोणाच्या संगोपनाचा दोष नाही. शून्य सर्दीची हमी कोणताच काढा देत नाही. चिनी वैद्यक ज्याला 'वारा' आणि 'थंडी' म्हणतं, ती शरीराकडे बघायची एक जुनी पद्धत आहे. विषाणूशी तिची गाठ घालत बसू नका. उपाय कधी आणि कोणाला, हे ठरवायला ती उपयोगी पडते, तेवढ्यापुरती ती वापरायची.

टप्पा १: सामान, दसऱ्याच्या सुमारास

इंदूरच्या हवेची खोड अशी की डिसेंबर-जानेवारीत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश आणि पहाटे दहाच्या आसपास. दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरणारा माणूस रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाऊन स्कूटरवरून तसाच घरी येतो. 'शबे मालवा'चं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक आहेच, पण मानेला लागणारा वारा कौतुक ऐकत नाही. म्हणून तयारी थंडी पडायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या दरम्यान करायची. दुसरी फेरी महाशिवरात्री ते रंगपंचमी या काळात, थंडी जाते तेव्हाची. ही दुसरी फेरी लोक हमखास विसरतात आणि गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, गर्दीतून रंगासोबत सर्दीही घरी आणतात.

काय आणायचं:

- सुंठ, काळी मिरी, दालचिनी. सियागंजला पंसाऱ्याकडे अख्खी मिळतात. भुकटी आणू नका. सुगंध उडालेला असतो आणि भेसळ ओळखता येत नाही.
- ताजं आलं आणि पातीचा कांदा. कांदा मुळांसकट हवा.
- गूळ, मध, साधं मीठ, पुदिना, कुंडीतली तुळस.
- थर्मामीटर, पाय बुडतील एवढा टब, मफलर.
- काढ्यासाठी स्टीलचं, मातीचं किंवा इनॅमलचं झाकण असलेलं भांडं. चिनी पद्धतीत लोखंड आणि अॅल्युमिनियम वर्ज्य आहे.

दालचिनीबद्दल दोन वाक्यं जास्त. बाजारात जाड, टणक, एकाच सालीची गुंडाळी मिळते ती बहुधा कॅसिया, म्हणजे चिनी दालचिनी. तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज, महिनोन्महिने पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. रोजच्या काढ्याला पातळ, पापुद्र्यांच्या अनेक घड्या असलेली सिलोनी दालचिनी घ्या. महाग आहे, पण लागते चिमूटभर.

काय आणायचं नाही: ज्यावर घटक वाचता येत नाहीत अशा चिनी गोळ्या, कोणी परदेशातून आणून दिल्या तरी. मा हुआंग हे चिनी औषधांतलं सर्दीवरचं प्रसिद्ध नाव. त्यात एफेड्रिन असतं, त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. अशा द्रव्यांच्या पूरक आहारांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. तसंच देवाच्या हारातली शेवंती. चिनी लोक शेवंतीचा चहा पितात हे खरं, पण ती खाण्यासाठी पिकवलेली, वाळवलेली फुलं असतात. फुलबाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते. ती धुऊनही चहात घालू नका.

टप्पा २: घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक ओळ

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि सगळे हाच गाळतात. एक कागद घ्या, घरातल्यांची नावं लिहा आणि पुढे काय चालणार नाही ते लिहा.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही. त्यातून बोट्युलिझम या जिवावरच्या विषबाधेचा धोका असतो. रक्तदाब असलेल्यांना ज्येष्ठमध रोज नको. तो रक्तदाब वाढवतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आलं, हळद, दालचिनी स्वयंपाकात असते तेवढीच, त्यावर काढा हवा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर गूळ-मध धरून हिशेब करा. गरोदर बाईला काढे आणि पुढे दिलेला हातावरचा दाबायचा बिंदू, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आम्लपित्तवाल्यांना मिरी-सुंठ सोसत नाही, हे त्यांना ठाऊक असतं, पण शेजारीण आग्रह करते.

माझ्या कागदावर सासूबाईंच्या नावापुढे इतकं लिहिलं गेलं की त्या म्हणाल्या, "मग मी काय फक्त वास घ्यायचा का?" खरंच, त्यांच्या वाट्याला गुळण्या, पायांचं पाणी आणि पेज एवढंच आलं. त्यांची सर्दी काढा पिणाऱ्यांपेक्षा जास्त टिकत नाही, हे मी दरवर्षी बघते.

टप्पा ३: रोजचा क्रम, सर्दी नसताना

सगळ्यात जास्त काम हा टप्पा करतो आणि हाच लोकांना सगळ्यात जास्त कंटाळवाणा वाटतो.

*बाहेरून आल्यावर.* आधी हात, साबणाने, वीस सेकंद. मग गुळण्या, मग चहा. हा क्रम उलटा करू नका. पोहे-जिलबी हाताने खाऊन घरी आल्यावर हात धुण्यात काही हशील नाही. खायच्या आधी धुवायचे. सर्दीचे विषाणू हातावरून नाकाडोळ्यांत जातात, त्यामुळे नाक चोळायची सवय मोडणं हे निम्मं काम आहे.

गुळण्यांना मीठ-हळद लागतेच असं नाही. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८७ निरोगी लोकांना साठ दिवस पाहिलं. नुसत्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे संसर्ग सुमारे ३६ टक्के कमी झाले आणि आयोडीनच्या औषधी गुळण्यांचा तेवढा उपयोग दिसला नाही. त्यांची रीत अशी: वीस मिलिलीटर पाणी, पंधरा सेकंद, सलग तीनदा आणि असं दिवसातून किमान तीन वेळा. आपण एक घोट घेऊन खळखळ करून थुंकतो, ती गुळणी मोजत नाहीत. मान मागे टाका, घशापर्यंत पाणी जाऊ द्या.

*दुपारी किंवा संध्याकाळी काढा, हवा असेल तर.* आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण साधं आहे: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. या भरड मिश्रणाचे तीन ग्रॅम, दीडशे मिलिलीटर उकळत्या पाण्यात, चहासारखं, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. हिशेब करा, तीन ग्रॅममध्ये मिरी ग्रॅमचा तिसरा हिस्सा येते, म्हणजे सहा-सात दाणे. आपल्या पातेल्यात मुठीने जाते. तोंड येणं, पोटात आग पडणं, लघवीला जळजळ हे सगळं त्या मुठीचं.

> तपासा: काढा सुरू केल्यावर चार दिवसांत तोंडात फोड आले, छातीत जळजळ झाली किंवा तहान वाढली, तर प्रमाण निम्मं करा किंवा बंद करा. "अंगात गरमी गेली म्हणजे लागू पडतंय" ही समजूत चुकीची आहे.

*रात्री पाय.* चीनमध्ये झोपण्यापूर्वी गरम पाण्यात पाय बुडवून बसणं ही घरोघरची सवय आहे. पाणी घोट्यांच्या वर यावं, चाळीस अंशांच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटं. कपाळावर ओलसरपणा जाणवला की पुरे. पाय लगेच कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांतही, मोजे घालायचे आणि अंथरुणात शिरायचं. पाय बुडवून मग गच्चीवर फिरायला जाण्यात अर्थ नाही. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल त्यांनी पाणी पायाने तपासू नये. घरातल्या दुसऱ्या कोणी कोपर बुडवून पाहावं.

याने सर्दीचा विषाणू मरतो असं मी म्हणणार नाही. झोप मात्र लवकर लागते आणि झोपेचा सर्दीशी संबंध चांगला तपासलेला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात १५३ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडला. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. सराफा रात्री दोनपर्यंत उघडा असतो, पण आठवड्यातून एकदा पुरे.

*मान.* चिनी समजुतीप्रमाणे वारा मानेच्या मागून आत शिरतो. तिथल्या दोन खळग्यांचं नावच फंग-ची, म्हणजे वाऱ्याचं तळं. आपल्या आज्याही कान-मान झाकायला सांगत आल्या. स्कूटरवर मफलर पुढून छातीवर लोंबत असतो आणि मानेचा मागचा भाग उघडा! मफलर आधी मागून गुंडाळा, टोकं पुढे आणून जॅकेटात खोचा.

*चार बिंदू.* हे अॅक्युप्रेशरचे, म्हणजे चिनी पद्धतीने दाबायचे बिंदू. झोपण्यापूर्वी प्रत्येकी एक-दोन मिनिटं, दाबून हळूहळू गोल फिरवायचं. दुखेल इतकं नाही.

१. फंग-ची: कवटी संपते तिथे, मानेच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत, दोन्ही अंगठ्यांनी.
२. यिंग-श्यांग: नाकपुडीच्या कडेला, जिथून गालाची घडी सुरू होते.
३. ह-गू: अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात. गरोदरपणात हा बिंदू दाबू नये, असं चिनी वैद्य कटाक्षाने सांगतात.
४. झू-सान-ली: गुडघ्याच्या वाटीखाली स्वतःची चार बोटं मोजायची, नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट.

चौथ्यात चूक अशी होते की आई स्वतःच्या बोटांनी मुलाचा पाय मोजते. ज्याचा पाय, त्याची बोटं.

टप्पा ४: बळ देणारी औषधं आणि त्यांची कुलपं

सर्दी वारंवार होणाऱ्यांसाठी चिनी वैद्यकात एक प्रसिद्ध चूर्ण आहे, यू-पिंग-फंग-सान, 'वारा अडवणारा जेडचा (हिरव्या रत्नाचा) पडदा'. त्यात तीनच वनस्पती: हुआंग-ची, बाय-चू आणि फांग-फंग. त्यांच्या भाषेत पहिली शरीराच्या बाहेरच्या संरक्षणाला बळ देते आणि घामाची छिद्रं आवळते, दुसरी पोट सुधारते आणि तिसरी शिरलेला वारा बाहेर काढते. सतत घाम येणाऱ्या, वाऱ्याची झुळूक आली की शिंकणाऱ्या अशक्त माणसाला ते देतात आणि तेही आठवडेच्या आठवडे, माणूस बरा असताना.

सर्दी सुरू झाली की ते बंद. त्यांचं म्हणणं, घरात चोर शिरलेला असताना दाराला कुलूप लावलंत तर चोर आतच राहील. लेखाच्या सुरुवातीला मी ज्या चुकीबद्दल बोलले ती हीच. शिंका सुरू झाल्या की आपण बळ वाढवायला जास्तच खायला लागतो.

हे चूर्ण शोधत सियागंज पालथं घालू नका आणि "हुआंग-ची म्हणजे आपली अश्वगंधाच की" असं म्हणून बदलीही करू नका. दोन्ही वेगळ्या वनस्पती आहेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणाऱ्यांनी, म्हणजे संधिवाताच्या काही गोळ्या किंवा मूत्रपिंड बदलल्यानंतरची औषधं, हुआंग-चीच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. शिकलेला वैद्य देत असेल तरच हे घ्यायचं.

आपल्याकडे या जातीचं म्हणजे च्यवनप्राश. मी त्याला हाच नियम लावते: थंडीच्या आधी सुरू, सकाळी एक चमचा, अंगात कणकण आली की डबा मागच्या फळीवर. सर्दी पूर्ण उतरली, भूक परतली की पुन्हा पुढे.

क जीवनसत्त्वाचंही इथेच सांगते, कारण पहिली शिंक आली की लोक गोळ्यांची पाकिटं फोडतात. सर्वसाधारण माणसाला रोज घेतल्याने सर्द्यांची संख्या कमी होत नाही, असंच अभ्यासांत दिसलं आहे. नियमित घेणाऱ्या मोठ्यांत दुखणं साधारण आठ टक्क्यांनी आणि मुलांत चौदा टक्क्यांनी लवकर आटपलं. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्याचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही. रोजचा एक आवळा किंवा पेरू स्वस्त पडतो आणि पोटालाही बरा.

टप्पा ५: पहिली कणकण, पहिले काही तास

इथे घाई करायची, पण पातेलं चढवायच्या आधी दोन मिनिटं थांबायचं. सर्दी कोणत्या जातीची, ते ठरवा.

*थंडीची:* अंगावर काटा, पांघरूण हवंसं वाटणं, नाकातून पाण्यासारखं वाहणं, मान-पाठ आखडणं, तहान नाही, घाम नाही, ताप नाही किंवा अगदी थोडा.

*उष्णतेची:* घसा लालबुंद आणि जळजळता, ताप जास्त, तहान, नाकातून घट्ट पिवळसर, जिभेच्या कडा लाल.

इंदुरात डिसेंबरात पहिली जास्त आणि ऑक्टोबर, मार्चला दुसरी जास्त, असा माझा अनुभव. तरी महिन्यावरून ठरवू नका, आरशात घसा बघा.

चार हिवाळ्यांपूर्वी मी हा घसा बघितला नव्हता. घशात निखारा ठेवल्यासारखं, ताप एकशे एक आणि मी सुंठ-मिरीचा काढा तीनदा पिऊन दोन रजया ओढून झोपले. सकाळी गादी ओली, उठले तर चक्कर, तोंडात फोड. डॉक्टरांनी ओआरएस दिलं आणि विचारलं, "हे कोणी सांगितलं?" मी गप्प.

थंडीची असेल तर हे करा

एका माणसासाठी: ताजं आलं दहा ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढं, सालीसकट चकत्या, पातीच्या कांद्यांचे तीन पांढरे बुडखे मुळांसकट, माती नीट धुऊन, पाणी दोन कप, गूळ एक चमचा.

१. पाण्यात आलं घालून झाकण ठेवा. उकळी आल्यावर पाच मिनिटं.
२. कांद्याचे बुडखे ठेचून घाला, पुन्हा झाकण, फक्त तीन मिनिटं.
३. गॅस बंद करून गूळ विरघळवा, गाळा, गरमागरम प्या.
४. लगेच अंथरुणात, एकच पांघरूण.
५. दहा-पंधरा मिनिटांनी वाटीभर गरम पातळ पेज.

पाव उरेपर्यंत आटवायची आपली रीत इथे चालत नाही. चिनी वैद्यकात बळ देणाऱ्या मुळ्या-काड्या आधी भिजवून मंद आचेवर तासाभरापर्यंत शिजवतात, पण घाम आणणाऱ्या सुगंधी गोष्टी थोडक्यात उकळून उतरवतात. त्यांचं काम वासाच्या तेलात असतं आणि ते वाफेबरोबर उडून जातं. स्वयंपाकघरभर छान वास पसरला असेल, तर औषध हवेत गेलं आणि कपात पाणी उरलं.

पेजेची सूचना सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात आहे. तिथेच असंही आहे की सर्वांगाला हलका ओलसर घाम यावा, पाण्यासारखा निथळू नये. आणि तोवर कच्चं, गार, चिकट, मांस, दारू, दुधाचे पदार्थ बंद. म्हणजे रबडी, शिकंजी आणि आठवड्याची मस्तानी सगळी त्या यादीत बसते. पेज मात्र आपली घरचीच: तांदूळ, भरपूर पाणी, मीठ, वर आल्याचा कीस. तूप नको.

> तपासा: घाम आला? कपाळ, मान, पाठ ओलसर झाली की थांबा. अंग पुसा, कोरडे कपडे घाला, वाऱ्यात जाऊ नका, गार पाण्याने अंघोळ नको. दुसरा कप घ्यायचाच नाही. घाम आला नाही तर चार तासांनी एकदा पुन्हा घ्या. दोन वेळांनंतरही काही फरक नसेल तर या काढ्याचं काम संपलं.

म्हाताऱ्या, अशक्त आणि आधीच घामाघूम असलेल्या माणसाला घाम काढायच्या भानगडीत पडू नका. त्यांना नुसती पेज आणि ऊब.

उष्णतेची असेल तर

आलं, सुंठ, मिरी, लवंग, चार दिवस बंद. पुदिन्याची दहा-बारा पानं कपात ठेवून वर उकळतं पाणी ओता, झाकून पाच मिनिटांनी कोमट प्या. खाण्यासाठी वाळवलेली शेवंती विश्वासाच्या ठिकाणची मिळाली तर पाच-सहा फुलं त्यातच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मुगाचं पातळ वरण, भात, भरपूर पाणी. चिनी वैद्य या जातीला यिन-च्याव नावाच्या गोळ्या देतात. आपण त्या स्वतः शोधून घ्यायच्या नाहीत.

दोन्ही लक्षणं मिसळलेली असतील, आणि बरेचदा असतात, तर दोन्ही काढे सोडा. पेज, गुळण्या, झोप. चुकीच्या काढ्यापेक्षा काही न करणं बरं.

टप्पा ६: नाक धुणं

जलनेतीचा लोटा योगवर्गातून घरोघरी आला, पण सोबतची पाण्याची सूचना तिथेच राहिली. नळाचं पाणी, नर्मदेचं असलं तरी, थेट नाकात नको. आरओचंही नको. पिण्याला चालणारं पाणी नाकाला चालेलच असं नाही. त्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

१. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा, झाकून कोमट होऊ द्या.
२. अर्धा लिटर पाण्याला पाऊण छोटा चमचा मीठ, साधारण साडेचार ग्रॅम, शक्यतो आयोडीन नसलेलं. नाक झोंबलं तर मिठाचं प्रमाण चुकलं, कमी किंवा जास्त.
३. वाकून, मान एका बाजूला कलती, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीतून सोडा.
४. झाल्यावर हलकेच शिंकरा, एकेक नाकपुडी. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं.
५. लोटा उकळत्या पाण्याने धुऊन उपडा वाळवा.

नाक पूर्ण बंद असताना करू नका, कान दुखत असताना नको, झोपण्याच्या अगदी आधी नको. वाफ घ्यायची तर गरम पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला वाकवू नका. भाजण्याचे प्रकार असेच होतात. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून मुलाला जवळ घेऊन बसा, तेवढं पुरतं. जस्ताचे फवारे नाकात मारू नका. त्याने वास कायमचा गेल्याची उदाहरणं आहेत.

टप्पा ७: पातेलं उतरवून डॉक्टरांकडे

पुढच्यापैकी एकही असेल तर घरचे उपाय तिथेच थांबवा: ताप एकशे दोनच्या वर किंवा तीन दिवसांहून जास्त, धाप, छातीत दुखणं, ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी, कान किंवा चेहऱ्याचं हाड ठणकणं, बरं वाटून पुन्हा ताप उलटणं, तीन महिन्यांखालच्या बाळाला कोणताही ताप.

ताप आहे, अंग मोडतंय, पण नाक वाहत नाही, शिंक नाही, आणि महिना सप्टेंबर ते नोव्हेंबर, तर ती सर्दी समजू नका. या दिवसांत डेंगी असतो. रक्त तपासा, तोवर पॅरासिटामॉलखेरीज तापाची दुसरी गोळी मनाने घेऊ नका आणि घाम काढणारा काढा तर मुळीच नको, अंगातलं पाणी आणखी कमी होईल.

डॉक्टरांना काढ्यांची नावं सांगा, लपवू नका. अँटिबायोटिक मागून घेऊ नका, विषाणूवर ते चालत नाही. आणि फ्लूची लस दरवर्षी, विशेषतः साठीच्या पुढच्यांनी आणि दमेकऱ्यांनी. कोणताही चिनी किंवा देशी काढा तिची जागा घेत नाही.

टप्पा ८: परत मूळपदावर

सर्दी सात ते दहा दिवस चालते. नाक थांबलं म्हणून दुसऱ्याच दिवशी च्यवनप्राश आणि काढा दोन्ही सुरू करायची घाई नको. क्रम असा: आधी पेजेवरून मऊ भातावर, मग पोळी-भाजीवर, भूक नेहमीसारखी झाली की बळाची औषधं. गुळण्या आणि पायांचं पाणी मधल्या काळातही चालू ठेवता येतं. खोकला आठवडाभर रेंगाळला तर रात्री चमचाभर मध, मोठ्यांना आणि वर्षावरच्या मुलांना.

कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे तारीख आणि जात लिहून ठेवा, थंडीची की उष्णतेची. दोन वर्षांत कळतं की घरात कोणाला काय होतं. आमच्याकडे नातवाच्या सगळ्या नोंदी उष्णतेच्या निघाल्या आणि आम्ही त्याला इतकी वर्षं सुंठ चाटवत होतो.

मफलरही धुवायला टाका. आमच्या घरातला एक मफलर दसऱ्याला बाहेर निघतो तो होळीपर्यंत गळ्यातच असतो, आणि नाक पुसायलाही तोच.